ग्रीक पुराणातला टॅलोस, सोन्याच्या दासी, पँडोरा: यांना रोबोट म्हणायचं का जादू?

वाचनालयताई_आर्वी

नमस्कार मंडळी. आमच्या गावात छोटं वाचनालय आहे, रविवारी सहावी ते नववीची पोट्टे-पोट्टी जमतात न मी त्यांना गोष्ट सांगते. यंदा गावात फवारणीचा ड्रोन आला तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात मशीन न रोबोट याशिवाय दुसरं काही नाही, म्हणून मी यावेळी ग्रीक पुराणातला टॅलोस घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, क्रीट नावाचं बेट, तिथला राजा मिनोस, त्याला हेफायस्टस या लोहारकाम करणाऱ्या देवानं घडवलेला ब्राँझचा अवाढव्य माणूस मिळाला, हा टॅलोस दिवसातून तीनदा पूर्ण बेटाला फेरा मारायचा न परकं जहाज दिसलं की मोठाले दगड भिरकावायचा. म्हणजे अख्ख्या बेटाचा जागल्याच म्हणा. त्याच्या अंगात मानेपासून घोट्यापर्यंत एकच नळी, खाली घोट्याशी ती ब्राँझच्या खिळ्यानं बंद केलेली, मेडिया नावाच्या बाईनं तो खिळा काढला न सगळा द्रव वाहून गेला, टॅलोस संपला.

गोष्ट पोरांना लय आवडली. पण आठवीतल्या एका पोरानं विचारलं, "ताई, हा मंत्रानं चालते का मशीनवर चालते? मंत्रानं चालत असंन तर रोबोट कसा? मग पार्वतीनं मळाचा गणपती केला न दारावर बसवला, त्याले काऊन नाही म्हणत रोबोट?" मी म्हटलं पुढच्या रविवारी सांगते. आता मला खरंच नीट उत्तर पाहिजे, पोराला गुंडाळायचं नाही आहे. जाणकारांनी सांगा, आणि अशा अजून गोष्टी असतील तर त्याही सांगा.

निवृत्तगुरुजी_मेहकर

ताई, त्या पोराला माझ्याकडून शाबासकी द्या. प्रश्न एकदम मुळाशी नेणारा आहे.

माझं मत असं की गोष्टीत तो जीव कसा आला यापेक्षा तो कसा बिघडतो ते पाहावं. गणपतीचं शिर उडालं तरी तो पार्वतीचा मुलगाच राहतो, त्याला राग येतो, बुद्धी आहे, लग्न होतं, पुढं त्याचं स्वतःचं चरित्र आहे. टॅलोसला असलं काही नाही. त्याला एक काम लावून दिलंय, फेरा मारणे न दगड फेकणे, आणि त्याच्या अंगात एक जागा अशी आहे की तिथला खिळा निघाला की खेळ खलास. मेडियानं त्याला ताकदीनं नाही हरवलं, ती जेसन नावाच्या वीराच्या आर्गो जहाजातून आली होती, त्या जहाजावर एवढे वीर होते त्यातल्या कुणाच्या तलवारीचं ते काम नव्हतं. त्याची रचना काय आहे हे तिला कळलं होतं. ज्या गोष्टीत "आतून कसं बनलंय" हे कळल्याशिवाय शत्रू हरत नाही, ती गोष्ट सांगणाऱ्याच्या डोक्यात यंत्राचा विचार होता असं मी मानतो.

आता हेही सांगितलं पाहिजे की टॅलोसची एकच गोष्ट नाही. इ.स.पू. 3 ऱ्या शतकात अपोलोनियस नावाच्या कवीनं आर्गोच्या सफरीवर मोठं काव्य लिहिलं, त्यात टॅलोस हा ब्राँझ वंशातला उरलेला शेवटचा माणूस आहे, देवांचा राजा झ्यूस, त्यानं तो मिनोसची आई युरोपा हिच्या राखणीला दिला. तिथं खिळा नाही, घोट्याशी पातळ कातडीखाली नस आहे, मेडिया दुरूनच नजरेनं त्याला भुलवते, त्याचा घोटा धारदार खडकाला घासतो न आतलं वितळलेल्या शिशासारखं बाहेर येतं. अपोलोडोरसच्या नावावर जो पुराणकथांचा संग्रह आहे त्यात तर दोन-तीन पर्याय एकाखाली एक दिलेत: मेडियानं औषध देऊन वेडं केलं, किंवा तुला अमर करते म्हणून फसवून खिळा उपसला, किंवा पॉयस नावाच्या धनुर्धरानं घोट्यात बाण मारला. म्हणजे पोराचा प्रश्न ग्रीकांनाही पडलेला होता, काहींनी त्याला वंशातला म्हटलं, काहींनी घडवलेला म्हटलं.

आणि एक पाहण्यासारखी वस्तू. इटलीच्या दक्षिणेला रुव्हो गावच्या म्युझियममध्ये इ.स.पू. 400 च्या आसपासचं मोठं भांडं आहे, त्यावर टॅलोस मरतानाचं चित्र आहे. बाकी सगळी माणसं तांबूस रंगात, एकटा टॅलोस फिकट पांढरट, धातूचं अंग दिसावं म्हणून. तो मागे कोसळतोय, कॅस्टर न पॉलक्स हे जुळे भाऊ त्याला धरतायत, बाजूला मेडिया उभी. चित्रकारानं राक्षस पाडल्याचा आनंद काढलेला नाही, पडणाऱ्या माणसाचं दुःख काढलंय. मोबाईलवर फोटो मिळतो, पोरांना नक्की दाखवा.

पितळेचं_काम_भंडारा

गुरुजी मस्त लिहिलं. मी त्या खिळ्यावर बोलतो कारण आमच्या घरी पिढ्यानपिढ्या भांड्याचंच काम, न आता मी ओतकाम करतो.

ब्राँझचा मोठा पुतळा कधीच भरीव ओतत नाहीत, एवढं धातू परवडत नाही न थंड होताना तडकते. आधी मातीचा गाभा करायचा, त्यावर मेणाचा थर, मेणावरच नाकडोळे बोटं सगळं बारीक काम, त्यावर परत मातीचे लेप, पहिला लेप एकदम बारीक चाळलेल्या मातीचा कारण तोच मेणाला चिकटून राहते न सगळी नक्षी तोच उचलते, मग जाड लेप. मेण निघायला न धातू जायला नळ्या ठेवाव्या लागतात. भट्टीत तापवलं की मेण वितळून नळीतनं निघून जाते, जी पोकळी राहते त्यात धातू ओतायचं. आतला गाभा हलू नये म्हणून मधून धातूचे खिळे आरपार ठोकलेले असतात, काम झालं की ते काढून भोकं बुजवायची. बस्तरकडचे घडवे आजही याच पद्धतीनं मूर्त्या करतात, गडचिरोलीच्या बाजूच्या लोकांनी पाहिलं असंन.

आता टॅलोस पाहा. वरून खालपर्यंत एक नळी, खालच्या टोकाला ब्राँझचा खिळा, तो काढला की आतलं वितळलेलं बाहेर. जो माणूस ओतकामाच्या भट्टीपाशी एकदा जरी उभा राहिला त्याले हे ओळखू येते. काही अभ्यासकांनीही हेच मांडलंय की ही कल्पना मेण काढून ओतायच्या पद्धतीवरून सुचली असावी. माझ्या मते ज्यानं पहिल्यांदा ही गोष्ट जुळवली त्यानं कारागिराचं काम जवळून पाहिलं होतं. म्हणून मी तरी याले निव्वळ जादू म्हणणार नाही जी.

पोरांसाठी एक गणितही देतो. क्रीटचा किनारा हजार किलोमीटरच्या वर आहे. किनाऱ्यानं दिवसाचे तीन फेरे म्हणजे तीन हजारच्या वर, चोवीस तासांनी भागा, ताशी सव्वाशे किलोमीटर आलं, तेही न थांबता, दगड फेकायचा वेळ वेगळा. आता म्हणा त्या पोरांना करून पाहा.

विज्ञानशिक्षक_साकोली

मला इथं थोडं ब्रेक लावावंसं वाटतं. टॅलोसला रोबोट म्हणायला माझी हरकत नाही, पण पोरांसमोर "ग्रीकांकडे रोबोट होते" असं वाक्य चुकूनही जाऊ देऊ नका. एकदा तसं सांगितलं की उद्या ते आपल्या पुराणांबद्दलही तसंच बोलतील न मग पुरावा नावाची गोष्टच राहत नाही. कल्पना करणं वेगळं, बनवणं वेगळं. सोन्याच्या दासी ज्याच्या इलियड या काव्यात येतात त्या होमर कवीचा काळ साधारण इ.स.पू. 8 वे शतक, आणि ज्यांच्या यंत्रांची नीट माहिती आपल्याकडे आहे ते लोक त्यानंतर कितीतरी शतकांनी येतात.

ती खरी यंत्रंही कमी भारी नाहीत. इ.स.पू. 3 ऱ्या शतकातला फिलॉन, त्यानं वाइन ओतणारी दासी लिहून ठेवली आहे, हातात पेला ठेवला की वजनानं हात खाली जातो, आतले झडपे उघडतात, आधी वाइन मग पाणी. इ.स. 1 ल्या शतकात अलेक्झांड्रियात हेरॉन होऊन गेला. त्याचं देवळातलं तीर्थाचं मशीन: पाच द्राख्माचं नाणं टाकलं की ते आतल्या पट्टीच्या टोकावर पडतं, पट्टी झुकते, झडप उघडून पाणी येतं, नाणं घसरून पडलं की झडप बंद. दुसरं, देवळाचे दरवाजे: वेदीवर अग्नी पेटवला की खालची हवा तापून फुगते, ती पाणी ढकलते, पाणी बादलीत जातं, बादली जड होऊन दोर ओढते न दरवाजे आपोआप उघडतात. बाहेर उभ्या भक्ताला वाटणार देवानं उघडले.

आणि पोरांना हातानं करता येईल असं त्याचं चाकावरचं नाटक. एका उभ्या नळीत बाजरी-मोहरीसारखं बारीक गुळगुळीत धान्य भरलेलं, त्यावर शिशाचं वजन. खालच्या भोकातून धान्य हळूहळू गळतं तसं वजन सावकाश खाली येतं, वजनाला बांधलेली दोरी आसावरून उलगडते न गाडी चालायला लागते. दोरी आसावर कशी गुंडाळली, कुठं खुंटीला उलटी फिरवली, यावर गाडी पुढे जाणार का मागे हे ठरतं. आधी सांगून ठेवलेलं काम यंत्र पुढे आपलंआपण करतं, म्हणजे प्रोग्रामच हा. प्लास्टिकचा पाईप, मोहरी, सुतळी न खेळण्यातली चाकं, एवढ्यावर वाचनालयात होऊन जाईल. मोहरी ओली नको, अडकते.

तेव्हा ताई, त्या पोराला सांगा: टॅलोस ही रोबोटची कल्पना, हेरॉनची गाडी हे यंत्र, न या दोघांमध्ये शेकडो वर्षं लोकांनी डोकं लावलं. 1901 मध्ये अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून ब्राँझच्या दातेरी चाकांचं जे यंत्र निघालं, सूर्य-चंद्राची स्थिती न ग्रहणं काढणारं, त्याची तीस चाकं आजही शिल्लक आहेत. त्याचाही फोटो दाखवा.

कुबडीवाला_पुसद

सर, तुमचं सगळं पटलं, पण एक बाजू कुणीच घेतली नाही म्हणून लिहितो. हेफायस्टस लंगडा आहे.

मला लहानपणी पोलिओ झाला. मी होमरच्या इलियडचा 18 वा सर्ग वाचला तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसलो होतो. प्रसंग असा आहे, अकिलीसची आई थेटिस मुलासाठी चिलखत मागायला येते. हेफायस्टस घामाघूम होऊन भात्यापाशी काम करतोय, तिवया बनवतोय, वीस तिवया, प्रत्येकीच्या पायाला सोन्याची चाकं, त्या देवांच्या सभेत आपल्याआपण जाणार न आपल्याआपण घरी परतणार. अजून कान बसवायचे राहिलेत, तो खिळे ठोकतोय. पाहुणी आली म्हणताच तो भाते आगीपासून बाजूला करतो, हत्यारं चांदीच्या पेटीत भरतो, स्पंजानं तोंड, दोन्ही हात, मान न केसाळ छाती पुसतो, अंगरखा घालतो, जाड काठी घेतो न लंगडत दाराकडे निघतो. आणि त्याला दोन्ही बाजूनं आधार द्यायला सोन्याच्या मुली धावत येतात, जिवंत मुलींसारख्या दिसणाऱ्या. त्यांना समज आहे, आवाज आहे, ताकद आहे, देवांकडून त्या कामंही शिकल्यात. पुढं भातेही तसेच, वीस भाते, तो नुसता हुकूम करतो न ते हवं तेव्हा जोरात, हवं तेव्हा हळू फुंकतात.

आता बघा, हे सगळं कुणी बनवलं? ज्याला त्याच्या जन्मदात्यांपैकी एकानं आकाशातून खाली फेकलं त्यानं. इलियडमध्येच एका जागी तो सांगतो की आईला त्याचं लंगडेपण लपवायचं होतं, दुसऱ्या जागी झ्यूसनं पाय धरून फेकला. ज्याला चालता येत नाही त्यानं चालणारी तिवई केली, ज्याला आधार पाहिजे त्यानं आधार देणाऱ्या मुली केल्या. बाकी देवांना याची गरजच पडली नाही म्हणून कुणाला सुचलंही नाही. मी तीनचाकीवर तहसीलला जातो तेव्हा पायऱ्यांसमोर थांबून कुणीतरी उचलायची वाट पाहतो, त्यामुळं "आपल्याआपण जाणारं चाक" ही ओळ मला नुसती कल्पना वाटत नाही. ताई, जादू का मशीन हे जरूर सांगा पण हा लोहार कोण होता हे आधी सांगा.

वाचनालयताई_आर्वी

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. आमच्या रविवारच्या पोरांत एक पोरगी आहे तिच्या पायात कॅलिपर आहे, न मी टॅलोस सांगताना हेफायस्टस म्हणजे "देवांचा लोहार" एवढं बोलून पुढे गेले होते. या रविवारी तुमचाच प्रसंग घेते, स्पंजापासून काठीपर्यंत, जसाच्या तसा.

गुरुजी, बिघडण्याचा मुद्दा पोरांना लगेच समजेल. पण मग पँडोरा कुठं बसते?

निंदणकरीण_मोर्शी

ताई पँडोराचं मी सांगते, ती पण याच लोहाराच्या हातची आहे. हेसिओड नावाचा कवी स्वतः शेती करणारा होता, त्यानं लिहिलंय. प्रोमिथियसनं माणसांसाठी आग चोरली म्हणून झ्यूस चिडला, हेफायस्टसला माती न पाणी कालवून मुलगी घडवायला लावली, अथेनानं तिला कपडे न विणकाम दिलं, हर्मिसनं आवाज न कपट दिलं, न मग ती प्रोमिथियसच्या भावाकडे, एपिमिथियसकडे, भेट म्हणून पाठवली. भावानं बजावलं होतं झ्यूसची भेट घेऊ नको, यानं घेतली. तिनं रांजणाचं झाकण काढलं, रोगराई दुःख सगळं जगभर पसरलं, फक्त आशा काठाच्या आत राहिली.

मला या गोष्टीचा नेहमी राग येते. बनवणारे देव, पाठवणारा झ्यूस, घेणारा एपिमिथियस, न दोष कुणाचा तर तिचा. तिला कुणी विचारलं होतं का? जे काम तिच्यात भरून पाठवलं तेच तिनं केलं. मशीननं नुकसान केलं तर आपण मशीनला शिव्या देत नाही, ज्यानं बनवली न ज्यानं गावात आणली त्याले विचारतो, मग पँडोराच्या वेळी का नाही? गुरुजींच्या हिशेबानं ती गणपतीकडे जाते का टॅलोसकडे हे मला सांगता येत नाही, कारण पुढं ती बाई होते, संसार करते, हेसिओड तर सगळ्या बायका तिच्यापासून झाल्या म्हणतो.

दुसरं म्हणजे त्या सोन्याच्या मुली. दादांचं दुःख मला समजलं न त्यांचं खरंच आहे, पण त्या मुली शेवटी दासीच आहेत. अॅरिस्टॉटलनं आपल्या राजनीतीवरच्या ग्रंथात याच तिवयांचं नाव घेऊन लिहिलंय की प्रत्येक हत्यार हुकूम ऐकून आपलं काम करू लागलं, धोटा आपल्याआपण विणू लागला न तंतुवाद्य आपल्याआपण वाजू लागलं, तर मालकाला गुलाम लागणार नाहीत. म्हणजे तेव्हाही रोबोटचा विचार आला तो कामाच्या माणसापासूनच. आम्ही निंदायला जातो, आता तणनाशक आलं, ड्रोन आला, रोजी कमी झाली. काम हलकं झालं याचा आनंद आहे, पाठ मोडते निंदताना, पण धोटा आपल्याआपण चालायला लागल्यावर विणणारीच्या घरी चूल कशी पेटणार हे अॅरिस्टॉटलनं लिहिलं नाही. पोरांना हेही विचारा ताई, आमच्याच घरची पोरं आहेत ती, त्यांना उत्तर सुचेल.

निवृत्तगुरुजी_मेहकर

मोर्शीच्या ताईंनी माझ्या कसोटीची बरोबर कमजोर जागा दाखवली. पँडोराला ना खिळा आहे ना एकच ठरलेलं काम. ती दोन्हीच्या मध्ये आहे न तिला तिथंच राहू द्यावं, पोरांना तसंच सांगावं.

आपल्याकडच्याही गोष्टी जोडा. सोमदेवाच्या कथासरित्सागरात, 11 व्या शतकातला ग्रंथ, मयासुराची मुलगी सोमप्रभा टोपलीभर लाकडी बाहुल्या आणते, खुंटी दाबली की एक उडून फुलांची माळ आणते, एक पाणी आणते, एक नाचते. त्याच ग्रंथात राज्यधर नावाचा सुतार आहे, ओसाड नगरीत एकटा राहतो न सगळी प्रजा त्यानं लाकडाची केलेली. राजा भोजाच्या समरांगणसूत्रधारात यंत्रांचा वेगळा अध्यायच आहे. आणि ब्रह्मदेशातल्या एका पाली ग्रंथात तर बुद्धाच्या अस्थींवर तलवारधारी यंत्रं पहारा देतात, ती विद्या रोम देशातून आली असं म्हटलंय, न पुढं सम्राट अशोकाला त्यांच्याशी सामना करावा लागतो. पहारा देणारं यंत्र ही कल्पना क्रीटपासून पाटलीपुत्रापर्यंत सापडते, याचं मला फार नवल वाटतं.

पितळेचं_काम_भंडारा

ताई, अजून एक द्या, पोळ्याच्या वेळी कामात येईल. जेसन सोन्याची लोकर आणायला कोल्किसला जाते तेव्हा तिथला राजा आयटीस त्याले अट घालते, हेफायस्टसनं केलेले दोन बैल जुंप न वावर नांगर. बैलांचे खूर ब्राँझचे, नाकातोंडातून आग. मेडिया त्याले अंगाला लावायला लेप देते म्हणून तो भाजत नाही, शिंगं धरून बैल गुडघ्यावर आणते, जू चढवते, वावर नांगरते. पेरायला बी कोणतं, तर अजगराचे दात. त्यातनं हत्यारबंद शिपाई उगवतात, ते हजारोंनी अंगावर यायच्या आत जेसन त्यांच्या मधात एक मोठा दगड फेकते न ते आपसातच मारामारी करून संपतात, उरलेल्यांले तो कापते. हुकूम फक्त मारायचा दिला होता, कुणाले मारायचं हे सांगितलंच नव्हतं.

तान्ह्या पोळ्याले पोट्टे लाकडी बैल घेऊन येतीलच वाचनालयासमोर, तेव्हाच सांगा.

वाचनालयताई_आर्वी

हे पक्कं. रविवारी हेफायस्टसचा प्रसंग न साकोलीच्या सरांची मोहरीची गाडी, तान्ह्या पोळ्याला बैल. सर, पाईप किती जाड घेऊ? भोक केवढं ठेवायचं?

विज्ञानशिक्षक_साकोली

पाईप दोन इंची घ्या, हातभर लांब पुरे. भोक आधी पेन्सिलीच्या टोकाएवढं करा, मोहरी फार सावकाश गळाली तर थोडं थोडं वाढवत जा, एकदम मोठं केलं तर वजन धपकन खाली येईल न गाडी उडी मारेल. वजनाला वाळूची पिशवी चालते, पण ती पाईपच्या आत सैल बसली पाहिजे. आणि आठवीतल्या त्या पोरालाच दोरी गुंडाळायला द्या.